नदीच्या अलीकडचे स्थानक : शिजियाझुआंग शहराच्या जन्माचे आणि वाढीचे प्रकरण

प्रकरणाचा विषय

चीनच्या उत्तरेकडील हेबेई प्रांताची राजधानी असलेले शिजियाझुआंग हे शहर बीजिंगच्या नैर्ऋत्येस सुमारे २८० किलोमीटरवर, ताइहांग पर्वताच्या पूर्व पायथ्याशी वसलेले आहे. २०२० च्या जनगणनेत या महापालिका क्षेत्राची लोकसंख्या, भोवतालचे तालुके धरून, सुमारे १ कोटी १२ लाख भरली. हेच ठिकाण १८७८ सालच्या हुओलू तालुक्याच्या गॅझेटियरमध्ये एका ओळीत आटोपले आहे : तालुक्याच्या गावापासून आग्नेयेस ३५ ली अंतरावर, सहा गल्ल्या, सहा देवळे, चार विहिरी. ३५ ली म्हणजे आजच्या मापाने वीसेक किलोमीटर. तटबंदी, बाजारपेठ किंवा कचेरी असा कोणताही उल्लेख त्या नोंदीत नाही, कारण यांपैकी काहीच तेथे नव्हते.

चीनमधील बहुतेक मोठ्या शहरांना हजार-दोन हजार वर्षांची वंशावळ असते. या शहराला ती नाही. शंभर-सव्वाशे वर्षांत ते उभे राहिले आणि त्याच्या वाढीतील प्रत्येक मोठा टप्पा कोणत्या ना कोणत्या कार्यालयात घेतलेल्या निर्णयाशी जोडून दाखवता येतो. अभ्यासासाठी हे प्रकरण निवडण्याचे कारण तेच आहे. निर्णय घेणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे येथे दिलेली नाहीत. व्यक्तींपेक्षा त्यांच्यासमोरचे हिशेब महत्त्वाचे आहेत, आणि या लेखाचे म्हणणे असे की ते हिशेब मांडताना शहराचा विचार जवळजवळ कोणीच केला नव्हता.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागातील मानाचे नगर होते झेंगडिंग. हुतुओ नदीच्या उत्तर तीरावरचे हे तटबंदीचे गाव अनेक शतके विभागीय कारभाराचे ठाणे होते. तेथील लाँगशिंग विहारात ९७१ साली घडवलेली, एकवीस मीटरहून उंच अशी ब्राँझची ग्वानयिन (करुणेची बौद्ध देवता) मूर्ती आजही उभी आहे. नदीच्या दक्षिणेस सपाट शेतजमीन, विखुरलेली खेडी आणि त्यांतल्या त्यात मोठे असे झेनतोउ नावाचे गाव होते. शिजियाझुआंग त्या झेनतोउच्या शेजारचे.

पश्चिमेला ताइहांगची रांग आहे आणि तिच्यापलीकडे शान्शी प्रांताचे पठार, जेथे कोळसा आणि लोखंड भरपूर होते. परंतु तो माल मैदानात आणण्यासाठी जिंगशिंगच्या खिंडीतून जाणाऱ्या बैलगाड्या, खेचरे आणि उंट एवढीच साधने होती. शान्शीतील अधिकाऱ्यांनी तैयुआनपासून मैदानापर्यंत रेल्वे आणण्याची मागणी १८९० च्या दशकात केली ती याचमुळे. त्याच सुमारास बीजिंग ते हानकोउ हा उत्तर-दक्षिण मुख्य लोहमार्ग बेल्जियन कर्जातून बांधायला घेतला गेला आणि १९०६ मध्ये तो पूर्ण झाला. या मार्गाने हुतुओवर स्वतःचा पूल बांधला होता. नदीच्या दक्षिणेला शिजियाझुआंगच्या हद्दीजवळ एक लहानसे स्थानक ठेवण्यात आले आणि त्याला नाव मिळाले झेनतोउचे, कारण शिजियाझुआंग हे नाव कोणाच्या ओळखीचे नव्हते.

तैयुआनच्या मार्गासाठी १८९८ साली रशियन-चिनी बँकेशी करार झाला. आरंभस्थान ठरले लिउलिनपू, म्हणजे झेंगडिंगजवळचे, नदीच्या उत्तर तीरावरचे गाव. पुढे १९०० चे परकीयांविरुद्धचे बॉक्सर बंड आले आणि काम थांबले. १९०२ मध्ये नवा करार झाला, ४ कोटी फ्रँकचे कर्ज ठरले आणि बांधकामाची सूत्रे प्रत्यक्षात फ्रेंच अभियंत्यांकडे गेली.

अडचण

कर्जाची रक्कम ठरलेली होती आणि मार्गावर दोन खर्चिक अडथळे होते. पहिला ताइहांगचा : चढ, वळणे, बोगदे, दरीवरचे पूल. दुसरा हुतुओचा. उत्तर चीनमधील डोंगरातून मैदानात उतरणाऱ्या नद्यांप्रमाणे ही नदीही वर्षातील बराच काळ वाळूच्या रुंद पात्रातून रोडावून वाहते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र तिला मोठे पूर येतात आणि प्रवाह जागा बदलतो. अशा पात्रावरचा पूल लांब बांधावा लागतो, खांबांचा पाया खोल न्यावा लागतो आणि पुढेही दर पावसाळ्यात त्याची काळजी घ्यावी लागते.

मार्ग नदीच्या उत्तरेकडून निघून दक्षिणेकडील जिंगशिंगच्या खिंडीत शिरायचा असेल तर नदी कुठेतरी ओलांडणे भाग होते. मुख्य लोहमार्गाचा पूल जवळच होता, पण तो दुसऱ्या कर्जातून, दुसऱ्या देशाच्या अभियंत्यांनी उभारलेला होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मूळ कराराप्रमाणे जाण्याचा होता : लिउलिनपूपासून सुरुवात, हुतुओवर नवा पूल, पुढे डोंगर. यात झेंगडिंगचा मान राहत होता, जुनी बाजारपेठ आणि सरकारी कचेऱ्या रेल्वेला जोडल्या जात होत्या. परंतु पुलाचा सगळा बोजा कर्जावर पडत होता.

दुसरा पर्याय मुख्य मार्गाचाच पूल वापरण्याचा. रुळांची रुंदी सारखी असती तर भाड्याच्या करारावर हे जमण्यासारखे होते. परंतु डोंगरातील खर्च कमी करण्यासाठी फ्रेंच अभियंत्यांनी एक मीटर रुंदीचा रूळ सुचवला होता आणि मुख्य मार्ग १.४३५ मीटरचा, म्हणजे प्रमाण रुंदीचा होता. पुलावर तिसरा रूळ टाकल्याशिवाय दोन्ही गाड्या तेथून नेता आल्या नसत्या, आणि त्यासाठी दोन कंपन्या, दोन कर्जदाते व एक सरकार यांचे एकमत व्हावे लागले असते.

तिसरा पर्याय सर्वांत साधा होता. नदी ओलांडायचीच नाही. दक्षिण तीरावरच्या त्या लहान स्थानकाशेजारून मार्ग सुरू करायचा आणि सरळ पश्चिमेला खिंडीकडे जायचे.

या तिन्ही पर्यायांत रुळाच्या रुंदीचा प्रश्न आरंभस्थानाच्या प्रश्नात गुंतला होता, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. मीटर गेज ठरले तेव्हाच दोन मार्गांची भेट जेथे होईल तेथे प्रत्येक वाघीण (मालाचा डबा) रिकामी करून माल दुसऱ्या वाघिणीत भरावा लागणार, हेही ठरले. हा खर्च बांधकामाच्या अंदाजपत्रकात दिसत नव्हता. तो पुढे वर्षानुवर्षे व्यापाऱ्यांच्या आणि गिऱ्हाइकांच्या खात्यावर पडणार होता. पुलाचा खर्च मात्र आत्ताच आणि एकरकमी दिसत होता. दिसणारा खर्च टाळून न दिसणारा स्वीकारणे हे कर्जावर चालणाऱ्या कामांत नेहमीचेच आहे, आणि येथेही तसेच घडले.

निर्णय आणि अंमलबजावणी

तिसरा पर्याय स्वीकारला गेला. १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि १९०७ मध्ये २४३ किलोमीटरचा मार्ग तैयुआनपर्यंत पूर्ण झाला. त्याचे नाव झेंगडिंग-तैयुआन या जोडीवरूनच पडले, जरी गाडी झेंगडिंगला जात नव्हती. रेल्वेचे मुख्य कार्यालय, इंजिने व डबे दुरुस्त करणारा कारखाना आणि परदेशी कर्मचाऱ्यांची घरे शिजियाझुआंगच्या शेतांत उभी राहिली. फ्रेंचांनी चालवलेले एक हॉटेलही त्याच वर्षी सुरू झाले; त्याची इमारत काही पडझड सोसून आजही टिकून आहे.

निर्णय घेणाऱ्यांच्या दृष्टीने प्रकरण येथे संपले. कर्जाच्या रकमेत मार्ग बसला, पूल वाचला, गाड्या धावू लागल्या. पुढे जे झाले ते कोणाच्या आराखड्यात नव्हते.

बदलीच्या मालावर वाढलेले गाव

शान्शीतून आलेली मीटर गेजची वाघीण एका रुळावर उभी राही आणि मुख्य मार्गाची रुंद वाघीण पलीकडच्या रुळावर. कोळसा फावड्याने उपसायचा, टोपल्यांत भरायचा, खांद्यावरच्या काठीला टोपल्या लटकवून फळीवरून चालत जाऊन पलीकडे रिकाम्या करायच्या. यांगच्युआन आणि जिंगशिंगच्या खाणींतून जेवढा कोळसा या वाटेने मैदानात उतरत होता तेवढ्याला हा सोपस्कार चुकत नव्हता. उलट दिशेने धान्य, मीठ, कापड आणि रॉकेल यांचेही तेच. मनमाड किंवा मिरजेच्या यार्डात गेज बदलताना मालाची चढउतार ज्यांनी पाहिली आहे त्यांना या कामाची कल्पना येईल.

वाघिणी दोन्हीकडच्या एकाच वेळी क्वचितच हजर असत, त्यामुळे माल साठवायला जागा लागली. जागेमुळे वखारी आल्या, वखारींमागोमाग अडते, अडत्यांमागोमाग पैसे देणारे सावकार आणि पेढ्या. हमाल आसपासच्या खेड्यांतून आले. कारखान्यासाठी कुशल कामगार तिआनजिन आणि तांगशानकडून आणले गेले. या सगळ्यांना राहायला खोल्या, जेवायला खाणावळी, कपडे, औषधे आणि करमणूक हवी होती. १९२२ मध्ये कापसाची मोठी गिरणी सुरू झाली. कापूस मैदानात, कोळसा डोंगरात आणि दोन्हींची भेट याच यार्डात, असा तो हिशेब होता. त्याच वर्षाच्या अखेरीस रेल्वे कामगारांनी संप केला. गावात संघटित कामगारवर्ग तयार झाल्याची ती पहिली ठळक खूण. १९३० च्या दशकात लोकसंख्या साठ हजारांच्या पुढे गेली होती.

येथे अभ्यासकासमोर एक अवघड प्रश्न उभा राहतो. मीटर गेजचा निर्णय वाहतुकीच्या दृष्टीने सदोष होता : मालाची नासाडी, वेळेचा अपव्यय, दुप्पट मजुरी. पण हाच दोष गावाचे भांडवल ठरला. रूळ प्रमाण रुंदीचे असते तर कोळशाच्या गाड्या या स्थानकातून न थांबता बीजिंगकडे किंवा हानकोउकडे निघून गेल्या असत्या, आणि शिजियाझुआंग कदाचित सांधे बदलण्याचे एक जंक्शन एवढेच राहिले असते. म्हणून ‘निर्णय चूक की बरोबर’ हा प्रश्न कोणाच्या बाजूने विचारला जातो त्यावर उत्तर बदलते. शान्शीच्या खाणमालकाला तो चूक वाटला असता. शिजियाझुआंगच्या मुकादमाला नाही. फळीवरून टोपल्या वाहणाऱ्या हमालाला काय वाटले असते, हे ठरवणे त्याहून कठीण आहे.

झेंगडिंगचे नुकसान मात्र स्पष्ट आहे. तेथून मुख्य मार्गाची गाडी जात होती, तरी मालाची भेट नदीपलीकडे होऊ लागल्याने व्यापार तिकडे सरकला. त्याचा एक अनपेक्षित फायदा असा की जुन्या नगराचे विहार, मनोरे आणि तटाचे अवशेष औद्योगिक वाढीच्या धक्क्यातून बरेचसे वाचले.

कारभाराची पोकळी

या तीस वर्षांतील सर्वांत मोठी उणीव रुळांची नव्हती, कारभाराची होती. हजारो माणसांची वस्ती झाली तरी कागदोपत्री ते हुओलू तालुक्यातील खेडेच होते आणि तालुक्याची कचेरी वीस किलोमीटर दूर. रस्ते, गटारे, पाणी, बांधकामाचे नियम यांकडे पाहणारी नगर संस्था नव्हती. जागेचा वापर रेल्वे आणि व्यापारी यांच्या सोयीने ठरत गेला. १९२५ मध्ये शेजारचे शिउमेन गाव जोडून ‘शिमेन’ नावाने नगर करण्याचा निर्णय झाला, पण १९२८ मध्ये तो दर्जा काढून घेण्यात आला. उत्तर चीनमध्ये तेव्हा सेनापतींच्या लढाया आणि सत्तांतरे सुरू होती, हे कारण खरे. तरी गरज ओळखून उभी केलेली संस्था तीन वर्षांत मोडली गेल्याचा परिणाम पुढे दीर्घकाळ भोगावा लागला.

रेल्वेमार्ग वस्तीच्या मधून गेला आणि गावाचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग पडले. १९०७ मध्येच रुळांवरून जाण्यासाठी दगडी पूल बांधावा लागला. त्यासाठी रेल्वे कामगारांनी आपली मजुरी वर्गणी म्हणून दिल्याचे सांगितले जाते. रुळांशी पहिली तडजोड लोकांनी स्वतःच्या खिशातून केली, आणि आराखडा करणारी संस्था नसल्यामुळे पुढचे शतकभर शहर त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे वाढत राहिले.

जपानी ताबा आणि रुळांची रुंदी

१९३२ मध्ये कर्ज फिटल्यावर तैयुआनचा मार्ग चिनी सरकारच्या ताब्यात आला. रुंदी बदलण्याची ही संधी होती. ती घेतली गेली नाही; पाच वर्षांत युद्ध आले. ऑक्टोबर १९३७ मध्ये जपानी फौजांनी शहर घेतले आणि १९३८-३९ मध्ये संपूर्ण मार्ग प्रमाण रुंदीचा केला. हेतू उघड होता : शान्शीचा कोळसा न थांबता मैदानात आणि पुढे बंदरांकडे नेणे. १९४०-४१ मध्ये पूर्वेकडे देझोउपर्यंत नवा मार्ग टाकण्यात आला आणि शिजियाझुआंग चारही दिशांना जोडले गेले. जपानी आधिपत्याखाली १९३९ मध्ये शिमेन शहराचा दर्जाही परत आला.

ज्या कामावर गाव उभे राहिले होते ते काम अशा रीतीने संपले. तरी शहर ओस पडले नाही, कारण तोवर तेथे दुरुस्तीचा कारखाना, गिरणी, कोकची भट्टी, बाजार आणि लष्करी छावणी अशी बदलीच्या मालाशिवाय चालणारी कामे रुजली होती. गेज आधीच, म्हणजे १९१० च्या आसपास बदलले असते तर असे झाले असते का, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

नोव्हेंबर १९४७ : शहर घेतल्यानंतरचे दिवस

यादवी युद्धात ६ ते १२ नोव्हेंबर १९४७ या काळात कम्युनिस्ट फौजांनी शिजियाझुआंग लढून घेतले. शहराला तट नव्हता. बाहेर आणि आत खोदलेले खंदक, काँक्रीटचे बुरूज आणि राष्ट्रवादी (कुओमिंतांग) सरकारचे सुमारे चोवीस हजार सैनिक यांवर बचाव अवलंबून होता. हल्ला करून घेतलेले हे त्यांचे पहिले मोठे शहर. या प्रकरणातील खरा निर्णयबिंदू लढाईनंतरचा आहे.

आजवर या पक्षाचा कारभार खेड्यांत चालला होता. जमीनदाराचे धान्य व सामान गरिबांत वाटणे ही तेथील रीत. शहरात शिरलेल्या सैनिकांनी आणि बाहेरून आलेल्या खेडुतांनी तीच रीत गोदामे, कचेऱ्या आणि कारखान्यांना लावली. वस्तू उचलून नेल्या गेल्या, यंत्रांचे भाग हलवले गेले. अधिकाऱ्यांसमोर दोन वाटा होत्या. लोकांना आवरले तर ज्यांच्या बळावर युद्ध चालले होते तेच दुखावणार. न आवरले तर कारखाने बंद पडणार आणि शहर पोसण्याचा भार अंगावर येणार. दुसऱ्या धोक्याचे गांभीर्य लवकर कळले, संचारबंदी आली आणि सामान नेण्यास सक्त मनाई झाली. फेब्रुवारी १९४८ मध्ये या अनुभवाचे टिपण इतर विभागांना पाठवण्यात आले : शहर घेण्याआधीच ताबा घेणाऱ्यांची नेमणूक करावी, कारखाने व गोदामांवर पहारे बसवावेत, खेड्यातील मालमत्ता-वाटपाची पद्धत शहरात वापरू नये. पुढच्या वर्षी तिआनजिन आणि बीजिंग ताब्यात घेताना याच शिकवणीचा उपयोग झाला.

१९४७ च्या अखेरीस शहराचे नाव पुन्हा शिजियाझुआंग करण्यात आले. १ डिसेंबर १९४८ रोजी तीन प्रादेशिक बँका एकत्र करून पीपल्स बँक ऑफ चायना येथेच स्थापन झाली आणि नवे चलन निघाले. बीजिंग अजून हाती आलेले नव्हते, म्हणून ही वेळ शिजियाझुआंगला मिळाली. बँक लवकरच बीजिंगला गेली.

याच काळात शहीदांच्या स्मशानभूमीची उभारणी सुरू झाली. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी तेथे आहे. त्यांचे निधन ९ डिसेंबर १९४२ रोजी तांग तालुक्यातील गेगोंग या डोंगराळ गावात झाले होते आणि त्यांच्या हयातीत शिजियाझुआंग हे जपानी फौजेचे ठाणे होते. युद्धकाळात खेड्याखेड्यांत विखुरलेली इस्पितळे, कचेऱ्या आणि स्मृतिस्थळे पुढे या रेल्वेच्या शहरात एकवटली. मराठी वाचकाला ओळखीची असलेली ही समाधी त्याच प्रक्रियेतून येथे आली.

कारखाने आणि राजधानी

पहिल्या पंचवार्षिक योजनेत सूतगिरण्यांची रांग आणि उत्तर चीन औषध कारखाना येथे देण्यात आला. सोव्हिएत आणि पूर्व जर्मन मदतीने उभारलेला हा कारखाना जून १९५८ मध्ये सुरू झाला आणि त्यातून पेनिसिलिनचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन होऊ लागले. कोळसा, मका, कापूस आणि चारही दिशांचे रूळ हाताशी असल्यामुळे निवड समर्थनीय होती.

राजधानीची निवड तशी नव्हती. हेबेईची राजधानी आधी बाओदिंगला होती, १९५८ मध्ये ती तिआनजिनला गेली आणि १९६६ मध्ये पुन्हा बाओदिंगला आली. सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे १९६६ पासून माओने चालवलेल्या राजकीय मोहिमेत, बाओदिंगमध्ये गटांच्या सशस्त्र चकमकी इतक्या वाढल्या की तेथून प्रांत चालवणे अशक्य झाले. फेब्रुवारी १९६८ मध्ये प्रांतिक क्रांतिकारी समिती शिजियाझुआंगला स्थापन करण्यात आली आणि राजधानी तेथेच राहिली. पर्याय तपासून, जागा पाहून, खर्च मांडून घेतलेला हा निर्णय नव्हता. तुलनेने शांत असलेल्या जवळच्या रेल्वे शहरात सरकारने घेतलेला तो आसरा होता. त्यामुळे प्रांताच्या संस्था विखुरलेल्या राहिल्या : हेबेई विद्यापीठ आजही बाओदिंगला आहे आणि हेबेई तंत्रज्ञान विद्यापीठ तर तिआनजिनमध्ये, म्हणजे प्रांताच्याच बाहेर. राजधानीभोवती विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांचे जे जाळे एरवी आपोआप विणले जाते ते येथे उशिरा आणि विरळ झाले. औद्योगिक शहरावर राजधानी येऊन बसली. कारखाने, धूर आणि सरकारी कचेऱ्या शेजारी-शेजारी आल्या आणि पुढे या शहराचे नाव चीनमधील प्रदूषित हवेच्या यादीत वारंवार वरच्या क्रमांकांवर दिसू लागले.

रूळ जमिनीखाली

१९०७ पासून शहर दुभंगणारी रेल्वे कुठे न्यावी, हा प्रश्न द्रुतगती रेल्वेमार्गाच्या वेळी पुन्हा समोर आला. स्थानक शहराबाहेर नेणे, मार्ग उन्नत करणे किंवा तो भुयारात घालणे हे पर्याय होते. बाहेर नेणे स्वस्त पडले असते आणि चीनमधील अनेक शहरांनी तेच केले. येथे मात्र शहराच्या मध्यातून सुमारे पाच किलोमीटरचा बोगदा करण्यात आला आणि डिसेंबर २०१२ मध्ये, बीजिंग-ग्वांगझोउ द्रुतगती रेल्वेमार्ग पूर्ण होताना, नवे स्थानक सुरू झाले. जुने स्थानक बंद झाले आणि रुळांच्या जागेवर रस्ते व बागा झाल्या. शंभर वर्षांपूर्वी खर्च टाळण्यासाठी स्थानक येथे आले. या वेळी ते येथेच ठेवण्यासाठी जास्त खर्च करण्यात आला. रुळांवर वाढलेल्या शहरातून रूळ उचलून बाहेर नेले असते तर मध्यभाग ओसरला असता, हा विचार मला पटतो. २०१७ मध्ये मेट्रोही आली.

वेगळे काय करता आले असते

आरंभस्थानाचा निर्णय त्या वेळच्या माहितीवर चुकीचा म्हणता येणार नाही. हुतुओच्या पात्रावर दुसरा पूल बांधण्याने एका नगराचा मान राखला गेला असता, मार्गाचे उत्पन्न त्याने वाढले नसते. रुंदीच्या निर्णयात मात्र एक मधली वाट होती : डोंगरात मीटर गेज टाकतानाच बोगदे आणि पूल पुढच्या रुंदीकरणाचा विचार करून बांधणे. त्यासाठी जास्तीचे भांडवल लागले असते आणि कर्जदात्याला त्यात रस असण्याचे कारण नव्हते. असा आग्रह धरणे हे सरकारचे काम होते; त्या सरकारकडे तेव्हा ना पैसा होता ना बळ. १९३२ मध्ये मार्ग ताब्यात आला तेव्हाची परिस्थिती निराळी होती, आणि तेव्हा रुंदीकरणाचा आराखडा तरी तयार ठेवता आला असता.

कारभाराच्या बाबतीत १९२८ चा निर्णय मला सर्वांत महाग पडलेला वाटतो. नगर संस्था टिकली असती तर रुळांवरून जाण्याचे आणखी मार्ग, यार्डाभोवतीची मोकळी जागा आणि कामगारांच्या वस्त्यांचे पाणी यांचा प्रश्न दहा वर्षे आधी कोणाच्या तरी टेबलावर आला असता. १९३९ मध्ये जी नगरपालिका आली ती परकीय फौजेच्या गरजांसाठी आली.

१९६८ मध्ये दुसरा मार्ग होता का, हे सांगणे अवघड आहे. परंतु आणीबाणी ओसरल्यानंतर, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, राजधानी कायम ठेवायची की हलवायची याचा उघड फेरविचार करून, ठेवायची असल्यास विद्यापीठे, पाणी आणि कारखान्यांची जागा यांचा एकत्रित आराखडा करणे शक्य होते. वरच्या अंगाला धरणे झाली, शेती आणि कारखान्यांसाठी भूजल उपसले गेले आणि ज्या नदीच्या भीतीने शहर दक्षिण तीरावर वसले ती हुतुओच पुढे कोरडी पडली. अलीकडे दक्षिण-उत्तर जलवहन योजनेचे, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेला आणलेले, पाणी तिच्या पात्रात सोडण्यात येते.

दरम्यान शहराने नदी ओलांडली आहे. झेंगडिंग आता शिजियाझुआंगच्या अखत्यारीतील तालुका आहे. शहराचा विमानतळ त्याच तालुक्यात आहे आणि उत्तर तीरावर नव्या कचेऱ्या व वसाहती उठत आहेत. ज्या हुओलू तालुक्याच्या गॅझेटियरात सहा गल्ल्यांच्या त्या खेड्याची नोंद होती त्याचे नाव बदलून लुच्युआन झाले आणि २०१४ पासून तो या महापालिकेचा एक प्रभागजिल्हा आहे. उत्तर तीरावरील नव्या भागात पाण्याचा पुरवठा आणि पूररेषा यांचे नियम किती काटेकोरपणे पाळले जातात यावर या प्रकरणाचा पुढचा भाग अवलंबून राहील.